बानूबाईची हौस

माझ्या सुनंनं माझ्या आईची घागर मोडीत घातली. मोडीत म्हंजे कळलं न्हवं? जुनं तांबं-पितळ भांड्याच्या दुकानात वजनावर द्यायचं आन् बदल्यात काहीतरी नवं चकचकीत घिऊन यायचं, ते. तिनं घागर दिली आन् पाण्याचा फिल्टर आणला. भिताडाला टांगायचा, निळा दिवा लागणारा. मी डोळ्याचं आप्रेशन करून बारामतीला भणीकडं सोळा दिस पडून व्हते. घरी आले, काळा गॉगल काढला, आन् नव्या डोळ्यानं आदी काय बघितलं असंल तर रिकामी घडवंची.

"निकिता, घागर कुठाय?"

"आत्या, आधी बसा तरी."

सून 'बसा' म्हणाया लागली की समजून जायचं. मी बसले न्हाय.

"मोडीत दिली ओ," ती खाली बघून म्हणली. "डॉक्टर म्हणले ना, वाकायचं न्हाय, जड उचलायचं न्हाय. आन् तुमी रोज सकाळी त्या घागरीशी झोंबत बसता. म्हणलं, सुटल्या एकदाच्या."

तिचं बोलणं खोटं न्हवतं, हीच तर पंचाईत. वाईट मनानं केलं असतं तर तिथंच सोलून काढली असती. चांगल्या मनानं केलेल्या उद्योगाला काय करायचं, सांगा बरं? बरं, ती नव्यानं नांदायला आलेली बी न्हाय, आठ वर्सं माझ्या हातचं खातीया. एकदा फोन करून इचारलं असतं तर काय तोंडाला कुलूप लागलंवतं का तिच्या?

संध्याकाळी सोमनाथ, माझा ल्योक, कंपनीतनं आला. त्यो म्हणला, "आये, जाऊ दे गं. तांब्याची बाटली मागवतो तुला. झाकणाची. ऑनलाईन लई भारी मिळत्यात."

"बाटली तुझ्या साहेबाला दे," मी म्हणले. "आन् सांग त्याला, माझी आय मोडीत निघाली, त्याची ही भरपाई."

त्यानं मुकाट्यानं जेवायला घेतलं.

मी मालनबाई. लासुर्ण्यात विहाराच्या अंगाला आमचं घर. तीस वर्सं अंगणवाडीत काढली, निम्म्या गावाची शेंबडं मी पुसलीत, त्यामुळं मला कुणी उलट बोलत न्हाय. तुमी म्हणाल, एका घागरीसाठी म्हातारीनं एवढा जीव टाकावा, असं काय व्हतं तिच्यात? सांगते.

सकाळी अंघोळीच्या पाण्याच्या चुलीतली मूठभर राख घ्यायची, रातीला भिजवलेल्या चिंचेचा चोथा घ्यायचा आन् दारात पाटावर बसायचं. घागर मांडीला टेकवायची आन् घासायला घ्यायची. काळपट पडलेलं तांबं बोटाखाली हळूहळू लाल व्हत जातं. घाई करून चालत न्हाय, डाग ऱ्हातात. मग धुवून उनात पालथी घालायची, मग भरायची, घडवंचीवर चढवायची, वर पितळी झाकणी, झाकणीवर तांब्या. दुपारच्याला बाहेरनं आलं की त्यातलं पाणी बसून प्यायचं, उभ्यानं न्हाय. पयला घोट उतरला की मी डोळं मिटते. माझ्या घरात फ्रीज हाय, गॅस हाय, मिक्सर हाय, आन् फोनवरनं पैसं पाठवायला मी सोमनाथाच्या आदी शिकलीया. मी काय जुन्यात रुतून बसलेली बाई न्हाय. पर फ्रीजच्या पाण्यानं दात ठणकत्यात आन् त्या फिल्टरच्या पाण्याला चवच न्हाय. विहाराच्या कामावरची गवंडी माणसं सुदिक 'मावशी, घागरीतलं द्या' असं सांगून मागायची.

रातभर मला झोप आली न्हाय. सकाळी गॉगल चढवला आन् निकिताला म्हणले, "चल. कुठल्या दुकानात दिलीस ते दाखव."

यष्टीत ती कुजबुजली, "आत्या, विकलेली वस्तू परत मागायची म्हंजे बरं दिसतं का?"

"माझी वस्तू मी विकली असती तर ती इक्री. दुसऱ्यानं विकली तर त्याला काय म्हणत्यात, ते तूच सांग."

ती खिडकीतनं ऊस बघत बसली.

भांड्याचा दुकानदार चांगला निघाला. वही न चाळताच म्हणला, "मावशी, ती भट्टीत गेलीच न्हाय. तसल्या हाताच्या ठोक्याची घागर आता करतंय कोण? हॉटेलवाले येत्यात, जुनं बघून उचलत्यात. तुमची युवराजदादांनी नेली. इंदापूर रोडला 'जुना थाट' म्हणून हॉटेल काढलंय बघा त्यांनी."

माझा जीव भांड्यात पडला. वितळली न्हवती. मी लगेच परतीची यष्टी धरली, आन् हॉटेलाच्या फाट्यावर कंडक्टरला गाडी थांबवायला लावली.

हॉटेलाच्या दारात मला संताप आन् हसू, दोन्ही एकदम आलं. जात्याच्या तोंडात मनीप्लांट लावलंवतं. पाटा भिताडाला उभा करून त्याच्यावर खडूनं आजचा मेनू. सुपं छताला चिकटवून त्यात रंगीत लायटी. बंबाचं तर पोट फाडून हात धुवायचं बेसिन केलंवतं. अरं, सुपानं पाखडायचं असतं, जात्यानं दळायचं असतं! हितं सगळी कष्टाळू भांडी नुसती नटून बसलीवती. खोटं कशाला बोलू, बघायला बरं वाटत व्हतं. एक पितळी तपेली तर अशी सुरेख व्हती की तिला तिथनं उचलून घरी न्यावी आन् तिच्यात डाळ शिजवावी असं मनात आलं माझ्या.

मग घागर दिसली. चार नंबरच्या टेबलावर लोंबत व्हती, पालथी. बुडाला भोक पाडलंवतं, भोकातनं काळी वायर, आन् तोंडातनं खाली पिवळा बल्ब. शेजारी भिताडावर फ्रेम केलेली पाटी: 'आमच्या पणजोबांच्या वाड्यातील पिण्याच्या पाण्याची घागर. दीडशे वर्षांची परंपरा.'

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. निकितानं माझा दंड धरला.

युवराज म्हणजे पस्तिशीचा गडी, पांढरा कुर्ता, बोलायला गोड. लगबगीनं पुढं आला. "या आजी, बसा. पिठलं-भाकरी गरम आहे."

"बसायला न्हाय आले. ती घागर खाली काढा. ती माझी हाय."

"आजी, गैरसमज होतोय तुमचा. ती आमच्या पणजोबांची."

"तुमच्या पणजोबाचं नाव बानूबाई व्हतं का?"

चार नंबरला पुण्याकडचं एक नवरा-बायको जेवत बसलीवती. त्यातल्या बाईला खुदकन हसू आलं. युवराज बी हसला, पर त्याचं हसू निम्म्यातच थांबलं.

"स्टूल घ्या आन् चढा वर," मी म्हणले. "गळ्याखाली, भिताडाकडच्या अंगाला, ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलंय. वाचा. मोठ्यानं वाचा. माझं डोळं नवं हायत, पर कान जुनं हायत."

आता गिऱ्हाइकांपुढं म्हातारीला हाकलायचं कसं? बिचारा चढला. फोनची बॅटरी लावली आन् मान वाकडी करून वाचाया लागला.

"'बानूबाई रामभाऊ लोंढे यांजकडून...'" आन् गप झाला.

"पुढं?"

"'...बानूबाई रामभाऊ लोंढे हीस सप्रेम भेट. मुक्काम सांगवी. सन १९७३.'"

"म्हणजे?" पुण्याची बाई म्हणली. "स्वतःच स्वतःला भेट?"

"व्हय बाई. सोताच सोताला."

मग मला सांगावंच लागलं. भांड्यावर नाव टाकून घ्यायची आपल्याकडं रीतच व्हती. मामाकडून भाचीला, सासऱ्याकडून जावयाला, अमक्याच्या लग्नात तमक्याकडून. बाईच्या भांड्यावर बाईचं नाव यायचं ते कुणीतरी तिला दिलं तरच. माझ्या आईला कुणी काय दिलंच न्हाय. तिच्या लग्नात दोन पितळ्या आल्या, त्याबी दिराच्या नावाच्या. मग त्र्याहत्तर साली, दुष्काळी कामावर खडी फोडत व्हती तवा, एका बाजारच्या दिशी ती मला घिऊन बारामतीला गेली. मी बारा-तेरा वर्सांची असंल. लोक दुकानात भांडी मोडीत आणून टाकत व्हती आन् माझी आय नवी घागर ठोकून बघत व्हती. दुकानदारानं दोनदा इचारलं, "नक्की घ्यायची का?" दुकानाबाहेर पोत्यावर नाव टाकणारा बसलावता, छिन्नी-हातोडी घिऊन.

"कुणाकडून कुणाला?" त्यानं इचारलं.

"माझ्याकडून मला," आय म्हणली.

"बाई, असं कुणी टाकत न्हाय."

"का? छिन्नी अडखळती व्हय तुझी?"

त्यानं टाकलं. टाकताना हसत व्हता मेला, पर अक्षर चांगलं काढलं. घरी आलो तर बाप, रामभाऊ, दारातच बोंबलला, "पाण्याचा थेंब न्हाय घरात आन् घागर कसली आणलीस?" आय म्हणली, "पाणी आल्यावर घागर हुडकीत हिंडू का?"

एवढं ऐकून हॉटेलातली माणसं हसली. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, झालं काम, आता काढंल हा घागर. पर युवराज कसला वस्ताद! स्टुलावरनं उतरला तवा त्याचा चेहरा पार बदललावता.

"आजी, काय स्टोरी आहे ही!" त्यानं फोन काढला. "पाटी आजच बदलतो. 'दुष्काळाशी झुंजणाऱ्या एका वंचित मातेच्या संघर्षाची घागर.' तुम्ही जरा इथं खाली उभ्या राहा. गॉगल काढा, डोळे दिसू देत. एक छोटासा व्हिडिओ करू."

पुण्याची बाई पदरानं डोळं टिपाया लागली. "किती सोसलं असेल हो त्यांनी."

तितं माझा तोल गेला.

"सोसलं," मी म्हणले. "लई सोसलं. यादी पायजेल तर सवडीनं या, बसून सांगते, दिस पुरायचा न्हाय. पर ही घागर त्या यादीत न्हाय. सोसायला आमच्याकडं रॉकेलचा डबा व्हता. पाण्याच्या रांगेत उभा ऱ्हायला त्यो, डोक्यावर वाहायला त्यो, आन् वरनं कुणी पाणी ओतलं तर धरायलाबी त्योच. ही घागर आईनं कधी रांगेत नेली न्हाय. हिला घासायची, दारात ठिवायची, उन्हं तिच्यावर आली की समोर बसायचं, तोंडात मिश्री धरायची आन् बघत ऱ्हायचं. बस. चार घरच्या बाया यायच्या, त्याबी बसायच्या. कुणी काय बोलायचं न्हाय. आय म्हणायची, 'काय लाल दिसतीया गं!' एवढंच. गरिबाच्या बाईनं भांडं घेतलं की तुमाला त्यात रडणंच दिसतं व्हय? तिला आवडली म्हणून घेतली तिनं. हौस व्हती तिची, हौस! तुमी पणजोबाच्या नावानं छताला टांगली तर ती हौस, आन् माझ्या आईनं दारात ठिवली तर संघर्ष?"

युवराजचा फोन धरलेला हात खाली आला. माझ्या गॉगलच्या आत डोळ्याला धारा लागल्यावत्या. डॉक्टरनं रडू नका म्हणून सांगितलंवतं. पर डॉक्टरच्या आईची घागर न्हवती ना ती.

युवराजनं घसा खाकरला. "पण आजी, मी रीतसर घेतलीय ती. चोरली नाही. आणि आता बुडाला भोक आहे, तुमच्या काय कामाची? दुसरी कोरी घागर देतो तुम्हाला."

"तुमचं जे काय गेलं असंल ते माझा ल्योक भरून दील. आन् भोक बुजवायला निमगावचा सरदारभाई हाय. असली धा भोकं बुजवतो त्यो."

"आजी, ऐका तरी..."

"युवराज, काढ ती खाली."

आवाज गल्ल्यामागनं आला. तितं एक म्हातारा मगाधरनं पेपर तोंडापुढं धरून बसलावता. पेपर खाली आला तवा मी वळखलं. आप्पासाहेब. माझ्या म्हायेरच्या सांगवीचं पाटील. म्हंजे हा युवराज त्यांचा पोरगा तर! पन्नास वर्सांनी बघत व्हते मी त्यांना. तवा घोड्यावरनं फिरायचे, आता काठी धरून उठाया लागले.

"आप्पा, तुम्ही मधे नका पडू," युवराज म्हणला.

"पाटी लिहिताना मला इचारलंवतंस का? ही आपल्या वाड्यातली न्हाय. आपल्या वाड्यात यावी म्हणून माझ्या आईनं दोनदा गडी धाडलावता." मग माझ्याकडं वळले. "तू बानूची मालन का?"

"व्हय."

"आमची बैलगाडी तुमच्या वस्तीवरनं रानात जायची. दारात ही घागर दिसली की आई गाडी हळू करायला लावायची. तिच्याकडं धा घागरी व्हत्या, पर असा ठोका एकीलाबी न्हवता. तिनं गडी धाडला, म्हणली, काय पायजेल ते मागून घे आन् घागर दे. तुझी आई न्हाय म्हणली. मग दुसऱ्यांदा ज्वारीचं पोतं घिऊन धाडला. दुष्काळात ज्वारीचं पोतं! ते तसंच परत आलं."

मला हे ठावं न्हवतं. आई कधी बोलली न्हाय. खरं सांगते, मला पयल्यांदा तिचा रागच आला. त्या साली आमी सरकारनं वाटलेल्या सुकडीवर दिस काढलंवतं. रातीला भुकेनं झोप यायची न्हाय, आन् हिनं दारात आलेलं पोतं माघारी धाडलं? अगं बये, निदान निम्मं तरी ठिवून घ्यायचंस! मग त्या रागातनंच मला असं हसू फुटलं की निकिता घाबरून माझ्या तोंडाकडं बघाया लागली. काय बाई व्हती! पोटाला न्हाय आन् पाटलिणीला न्हाय म्हणती.

"आन् आप्पासाहेब," मी इचारलं, "आमच्या दारातलं भांडं तुमच्या वाड्यात चाललं असतं व्हय?"

ते काठीकडं बघत म्हणले, "आई म्हणायची, तांब्याला ईटाळ धरत न्हाय. चिंच लावली की निघतो."

युवराजचं कान लाल झालंवतं. त्यानं काय न बोलता बटण बंद केलं, स्टुलावर चढला आन् वायर सोडवाया लागला.

घागर टेबलावर आली. मी तिच्यावर हात फिरवला. चकाकीचं वारनिस मारलंवतं कसलं तरी, चिकट लागत व्हतं. बुडाच्या भोकातनं माझं बोट आत जात व्हतं.

आप्पासाहेब जवळ आले. "मालन, आईनं दोनदा गड्याकडून मागितली. आता तिसऱ्यांदा मी सोता मागतो. हुकूम न्हाय. मागणं हाय. ऱ्हाऊ दे हितं. पालथी न्हाय, सरळ ठिवू. भोक बुजवू, पाणी भरू, येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यातलं प्यायला दिऊ. आन् वर तुझ्या आईचं नाव मोठ्या अक्षरात टाकू. जे कोरलंय तेच."

खोटं कशाला बोलू, मी घुटमळले. सांगवीच्या पाटलाच्या हॉटेलात माझ्या आईचं नाव, रोज शंभर माणसं वाचणार. लासुर्ण्यात माझ्या घडवंचीवर कोण वाचतंय? आन् म्हातारा मानानं मागत व्हता. मानानं मागितलं की न्हाय म्हणायला लई जड जातं. मी तोंड उघडलं, पर त्यातनं काय निघणार हे माझं मलाच ठावं न्हवतं.

"न्हाय, आप्पासाहेब."

मी न्हवते बोलले. निकिता बोलली. यष्टीत ऊस बघत बसल्यापासनं जिच्या तोंडातनं शब्द फुटला न्हवता ती. पदर खोचला, पुढं झाली आन् घागर कडंवर घेतली. "आमच्या घरात प्यायला लागती ती."

"आगं बया," मी म्हणले. "आन् तुझा निळ्या दिव्याचा फिल्टर?"

"त्याचं मी बघते, आत्या. तुमी चला."

युवराज म्हणला, "अहो ताई, निदान बल्ब तरी." निकितानं घागरीतनं बल्ब काढला आन् त्याच्या हातावर ठिवला.

आमी दारापतुर गेलो तवा आप्पासाहेबांनी मागनं हाक मारली. "मालन, दुरुस्त झाली की निरोप धाड. मी येतो. त्यातलं तांब्याभर पाणी प्यायचंय मला."

मी थांबले. सांगवीच्या स्टँडवर चहाची टपरी व्हती. तिच्या भाईरच्या अंगाला आमच्या कपांचा येगळा कोनाडा व्हता. चहा पिऊन झाला की आपला कप आपणच धुवायचा आन् कोनाड्यात ठिवायचा. हे आप्पासाहेबांना मी सांगायची गरज न्हवती, त्यांचाच मळा टपरीच्या पाठीमागं व्हता.

"या की," मी म्हणले. "पर आमच्या घरात एक रीत हाय. जो पाणी पितो त्यो आपला तांब्या आपण घासून ठिवतो."

असली रीतबीत आमच्यात काय न्हाय. ती मी तिथल्या तिथं काढली.

युवराज उसळला. "आजी, अहो त्यांचं वय बघा!"

आप्पासाहेबांनी हात वर केला. "येतो म्हणलं ना," ते म्हणले, आन् पेपर उचलून गल्ल्यामागं जाऊन बसले.

निमगावच्या सरदारभाईनं घागर बघितली आन् भोक पाडणाऱ्याला अशा शिव्या घातल्या की माझं कान तृप्त झालं. त्याचं दुकान म्हंजे एक पत्रा आन् एक भट्टी, पर हात सोन्याचा. बुडाला तांब्याची चकती बसवली, झाळ दिली, पाणी भरून घटकाभर ठिवून बघितलं. थेंब गळला न्हाय. त्यो म्हणला, "अजून पन्नास वर्सं बघायला नको, भाभी."

पयल्या दिशी निकितानं घासली. मला वाकायला बंदी, मग मी खुर्ची टाकून शेजारी बसले. तिनं घाई केली, डाग ऱ्हायलं. दुसऱ्या दिशी कमी ऱ्हायलं. चौथ्या दिशी उन्हं आली तवा ती राखेचं हात तसंच धरून घागरीकडं बघत बसली आन् म्हणली, "आत्या, लाल म्हंजे अशी लाल असती व्हय?" फिल्टर तिनं अंगणवाडीला दिला, आन् बरंच केलं, पोरांना लागतोच.

मग मी निरोप धाडला. मला वाटलंवतं, येत न्हाईत. पाटील माणूस, बोलायचं म्हणून बोललं असंल. पर आठ दिसांनी दारात जीप थांबली. युवराजनं हाताला धरून उतरवलं, पर आत आले ते एकटेच. सोमनाथाची सुट्टी व्हती, त्याची तारांबळ उडाली. खुर्ची पुसतोय काय, पंखा लावतोय काय. आप्पासाहेब खुर्चीवर बसले न्हाईत. घडवंचीसमोर सतरंजी व्हती, तिच्यावर काठी टेकत टेकत बसले. निकितानं तांब्या भरून दिला. त्यांनी वरनं धार धरली न्हाय, तांब्याला ओठ लावला आन् डोळं मिटून सगळा संपवला.

"गार हाय," ते म्हणले. मग इकडं-तिकडं बघितलं आन् इचारलं, "राख कुठाय?"

"आये, पुरं की आता," सोमनाथ माझ्या कानाशी लागला. "लाज आणतीस का?"

"गप बस," मी म्हणले.

ते उठले, मोरीत गेले, पाटावर बसले. निकितानं राख दिली, चिंच दिली. त्यांनी आयुष्यात कधी भांडं घासलं नसंल, हाताच्या धरण्यावरनंच दिसत व्हतं. पर घासला. धुतला, सदऱ्याला पुसला आन् माझ्या म्होरं धरला.

मी गॉगल वर केला आन् तांब्या उजेडात धरून फिरवून बघितला. पोट लाल झालंवतं. गळ्याच्या खाचेत काळं तसंच ऱ्हायलंवतं. दारात युवराज कवा येऊन थांबलावता कुणाला ठावं.

"आप्पासाहेब," मी म्हणले, "गळा ऱ्हायलाय. परत घासा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग तांब्याकडं बघितलं, आन् निकिताकडं आणखी राख मागितली.